हौदाच्या पाण्याबाबत हरकत

खरेदीखतात मिळकतीची चतुःसीमा लिहितात, तशीच त्या गावाची लिहायची तर ती अशी होईल. पूर्वेस सपाट शेते, त्यांपलीकडे ऱ्हाईन नदी, आणि नदीपलीकडे जर्मनी, म्हणजे आम्ही राहतो तो देश. पश्चिमेस दाट जंगलाचे डोंगर. दक्षिणेस शेजारच्या गावाच्या द्राक्षबागा. उत्तरेस एक ओढा, जो नकाशावर केसासारखा बारीक दिसतो आणि बर्फ वितळू लागले की दोन्ही काठ सोडून पसरतो. या चारींच्या मधोमध उतारावर गाव: वर चर्च, मध्ये चौक, चौकात तांबूस दगडाचा लांबट हौद, आणि हौदापासून ओढ्याकडे उतरणारी एक गल्ली, जिला तिथले लोक नुसते ‘खालची आळी’ म्हणतात. आमचे घर त्या खालच्या आळीच्या तोंडाशी आहे. ‘आमचे’ हा शब्द मी आज लिहू शकतो. गेल्या वसंत ऋतूत तो उच्चारण्याची मला धास्ती वाटत असे, आणि त्याला कारण मी स्वतः लिहिलेले एक पत्र होते.

मी तालुक्याच्या कोर्टात उभी हयात दिवाणी वकिली केली. वहिवाटीचे रस्ते, बांध, पाटाचे पाणी, सामाईक विहिरी हे माझे विषय. निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको मुलीकडे, जर्मनीतल्या गेर्लिंगेनला राहायला आलो. जावई तिथल्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. मुलगी घरी बसून एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम करते. नात बारा वर्षांची. तिला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. या देशातली एक गोष्ट मला मनापासून पटली: इथे लेखी तक्रारीला लेखी उत्तर येते. आमच्या इमारतीत जिना झाडण्याची पाळी एकेका बिऱ्हाडाकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला तशी पाटी अडकवतात. आमची पाळी नीट झाली नाही असा ठपका शेजाऱ्याने ठेवला, तेव्हा मी इमारतीच्या व्यवस्थापकाला सविस्तर पत्र पाठवले. ठपका लेखी मागे घेतला गेला.

“बाबा, सात पॅराग्राफ?” मुलगी म्हणाली होती. “जिन्याला एवढ्या पायऱ्या पण नाहीयेत!”

त्याच इमारतीतून पुढे आम्हाला निघावे लागले. घरमालकाला घर स्वतःच्या वापरासाठी हवे होते, आणि त्या कारणाने दिलेली नोटीस इथल्या कायद्यात टिकते. मी ती सर्व बाजूंनी तपासून पाहिली. नवे भाड्याचे घर मिळाले, पण त्या दिवसापासून मुलीच्या मनाने काहीतरी घेतले. तिचा जन्म भाड्याच्या खोलीतला. तालुक्याला खोली शोधताना मालक आधी आडनाव विचारीत, आणि आडनाव ऐकल्यावर ती खोली कालच कुणाला तरी दिलेली निघे. पुण्याला शिकताना तिने तेच पुन्हा ऐकले. इथे आमच्या आडनावावरून कुणाला काहीच कळत नाही, ही मोठीच सुटका होती. तरी ज्या दारातून कुणी ‘निघा’ म्हणू शकणार नाही असे दार तिला हवे होते. जर्मनीत ते आवाक्याबाहेरचे होते. नदी ओलांडून फ्रान्समध्ये गेल्यावर, त्या खेड्यात, ते सापडले. नातीची शाळा संपेपर्यंत शनिवार-रविवारचे घर, आम्हा दोघांना उन्हाळाभराचे, आणि पुढे सगळ्यांना कायमचे, असा बेत ठरला.

पहिल्यांदा घर पाहिले तेव्हा मुलगी आत न जाता दाराच्या दगडी चौकटीवर तळहात टेकवून बराच वेळ उभी राहिली. आमची ही मात्र सरळ आत गेली आणि खिडकीशेजारच्या कोनाड्यापाशी थांबून म्हणाली, “बुद्धमूर्ती इथे. सकाळचं ऊन थेट येतंय.” तिच्यापुरता व्यवहार तिथेच पुरा झाला.

मी इतक्यावर थांबणारा नव्हे. प्राथमिक करार जावयांकडून शब्दशः समजावून घेतला. त्या भागातली जमिनीची नोंद आजही तिथे पूर्वी असलेल्या जर्मन राजवटीत सुरू झालेल्या पद्धतीने होते, हे वाचून मला समाधान वाटले. एका कलमात असे होते की नोटरीने विक्रीची सूचना ग्रामपंचायतीला द्यायची, आणि पंचायतीला वाटल्यास दोन महिन्यांच्या आत तिने ते घर गावासाठी स्वतःच विकत घ्यायचे. आमच्या जुन्या कोर्टाच्या भाषेत याला हक्कशुफा म्हणत. मी समासात बरोबरची खूण केली आणि पुढे वाचू लागलो. सह्या झाल्या. मुलीने पेढे केले.

आता हौदाकडे येतो.

कोणत्याही गावात पाऊल ठेवले की मी आधी पाणी कुठे आहे ते पाहतो. मग त्या पाण्यापर्यंत कुणाची वाट सरळ जाते आणि कुणाची वळसा घालून जाते ते पाहतो. गावाचा इतिहास मला याच क्रमाने वाचता येतो. ही सवय पुस्तकांतून लागलेली नाही. माझ्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमची घागर चालत नसे. कायद्याने चालत होती; गावाने चालत नव्हती. आई घागर घेऊन दूर उभी राही, कुणी वरून ओतील याची वाट पाहत. मी विहिरीकडे दोन पावले टाकली की पलीकडून एक तळहात हवेत उठे आणि सावकाश, आडवा हले. तोंडाने कुणी काही बोलत नसे. त्या हाताचे उत्तर देता यावे म्हणूनच मी पुढे कायदा शिकलो, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

सह्या झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे गावात गेलो. घरात मुलगी आणि जावई खिडक्यांची मापे घेत होते. मी चौकात आलो. ऊन चांगले तापले होते. हौदाला लोखंडी नळी आहे आणि तिच्यातून डोंगराचे पाणी अखंड पडते. हौदाशी एक वृद्ध बाई दोन डबे भरत होती. कठड्यावर फ्रेंचमध्ये एक लहान पाटी होती. मी नळीखाली ओंजळ धरायला वाकलो, आणि त्या बाईने मान वर केली. तिने आपला तळहात हवेत उचलला आणि सावकाश, आडवा हलवला.

अंगातले रक्त डोक्यात चढणे म्हणजे काय ते मला त्या क्षणी इतक्या वर्षांनी पुन्हा कळले. ती स्वतः भरते आहे आणि मला नको म्हणते आहे! माझ्या कातडीकडे पाहून ती हे म्हणते आहे, याबद्दल मला शंका उरली नाही. मी तिच्या डोळ्यांत पाहत ओंजळ भरली आणि प्यायलो. दुसरी भरली, तीही प्यायलो. तहान पहिल्याच ओंजळीत भागली होती. दुसरी ओंजळ हक्काची होती. ती बाई काहीतरी मोठ्याने बोलली, दोन्ही हात हलवले, आणि शेवटी डबे उचलून चर्चच्या दिशेने निघून गेली. मी खिशातून फोन काढून त्या पाटीचे छायाचित्र घेतले, पुराव्यासाठी.

घरात कुणाला काही सांगितले नाही. मुलगी त्या दिवशी फार आनंदात होती.

गेर्लिंगेनला परतल्यावर मी पत्र लिहिले. इंग्रजीत लिहिले, आणि फोनवरून त्याचे फ्रेंच भाषांतर करून दोन्ही प्रती जोडल्या. सदर हौद सार्वजनिक आहे किंवा कसे. असल्यास त्याच्या वापरास मज्जाव करण्याचा अधिकार कोणत्या व्यक्तीस, कोणत्या ठरावान्वये दिला आहे. नसल्यास तशी खाजगी मालकी कोठे नोंदलेली आहे, असे मी विचारले होते. ज्या देशाने सरकारी इमारतींच्या कपाळावर समता हा शब्द कोरला, त्या देशाच्या एका चौकात पाहुण्याला पाण्यापासून हाताने परतवले जाते, ही बाब मी गावाच्या इतिहासात नोंद होण्यायोग्य समजतो, असेही लिहिले. छायाचित्र ‘पुरावा अ’ म्हणून जोडले. खाली सही, आणि सहीखाली ‘आपल्या गावातील नियोजित रहिवासी’. सरपंचांच्या नावाने, म्हणजे तिकडे ज्यांना मेयर म्हणतात त्यांच्या नावाने, रजिस्टर करून ते पाठवले. पोस्टातल्या मुलीने पावती दिली. मला बरे वाटले.

ते बरे वाटणे फार टिकले नाही. थोड्याच दिवसांत नोटरीच्या कचेरीतून ग्रामपंचायतीला गेलेल्या सूचनेची प्रत आली आणि जावयांनी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली.

“आल्झो, तर बाबा, हे ते पंचायतीचं. दोन महिने थांबायचं. त्यांनी नाही घेतलं की घर आपलं.”

मी चष्मा लावला. वर पत्ता होता: सरपंच, ग्रामपंचायत कचेरी, चर्चसमोर. तोच पत्ता मी माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात, पाकिटावर लिहिला होता. ज्या कलमाला मी समासात बरोबरची खूण केली होती त्यातली पंचायत, आणि ज्या पंचायतीला मी गावाच्या इतिहासात काळ्या अक्षरांनी नोंदवायला निघालो होतो ती, या दोन वेगळ्या संस्था आहेत अशी माझी काय समजूत होती, कुणास ठाऊक! आयुष्यभर अशिलांना सांगत आलो की ज्याच्या हातात निकाल आहे त्याला आधी डिवचू नका.

“काय झालं बाबा? भाजी तिखट लागली?”

“नाही. चांगली झाली आहे,” मी म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आपल्या कामाच्या बैठकीत असताना मी आमच्या हिला स्वयंपाकघरात सगळे सांगितले. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतले.

“म्हणजे प्यायलात तुम्ही.”

“प्यायलो.”

“मग तक्रार कशाची? पाणी तर मिळालं!”

“प्रश्न पाण्याचा नाही, मज्जावाचा आहे.”

“अहो, पण त्या बाईला विचारायचं तरी एकदा. मोडकंतोडकं जर्मन येतं ना तुम्हाला? जिन्यावर सात पॅरे लिहिलेत, तिला एक शब्द नाही विचारलात.”

“तो हात मी ओळखतो.”

तो हात तीही ओळखते. मग तिने हातावरचे पीठ झटकले आणि नातीला हाक मारली. नात शाळेत फ्रेंच शिकते. “फोन दाखवा तिला. ती पाटी.”

नातीने छायाचित्र पाहिले, मोठे केले, आणि माझ्याकडे पाहिले. “काइन ट्रिंकवासर,” ती म्हणाली. पिण्याचे पाणी नव्हे. मग तिचे डोळे मोठे झाले. “आजोबा! तुम्ही प्यायलात?” हे मात्र तिने चक्क मराठीत विचारले.

‘पुरावा अ’ असा होता. तो मीच, भाषांतर न करता, जोडला होता.

पुढचे आठवडे कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. पोटात काही गुरगुरले की मी घाबरे, आणि काही गुरगुरले नाही तरी घाबरे. टपालपेटीशी मी दिवसातून अनेकदा जाई. पोस्टमन येण्याची वेळ ठाऊक असूनही जाई. मुलगी पडद्यांच्या कापडाचे नमुने आणी, भिंतीच्या रंगाच्या पट्ट्या खिडकीला चिकटवी, आणि विचारी, “बाबा, तुमच्या खोलीला कुठला?” मी म्हणे, “घाई कशाला? अजून मुदत संपलेली नाही.” तिला वाटे की मी नेहमीसारखा वकिली सावधपणा करतो आहे. दर शनिवारी तिकडे जायचे निघाले की मला गुडघा दुखल्याचे सांगावे लागे. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र येई: पंचायतीची सभा, टेबलावर माझे पत्र, आणि सगळे तळहात एकदम वर उठलेले. मुलगी दाराच्या चौकटीवर हात टेकवून उभी आहे, आणि मी लिहिलेल्या शब्दांनी ते दार बंद होते आहे.

मुलीला सांगायला हिने मला भाग पाडले. “मी सांगितलं तर ती रडेल, तुम्ही सांगितलंत तर चिडेल. चिडलेली बरी,” असे तिचे म्हणणे. मुलगी चिडली.

“बाबा, सगळ्या जगात तुम्हाला तक्रार करायला तोच माणूस सापडला? ज्याच्या हातात आपलं घर आहे?”

“तेव्हा ते माझ्या ध्यानात…”

“तुम्ही आता कुणालाही पत्र लिहायचं नाही. प्लीज. कौतुक करायला पण नाही आणि माफी मागायला पण नाही.” ती खिडकीपाशी गेली. मग पाठमोरीच म्हणाली, “आणि पुढच्या शनिवारी तुम्ही येताय. त्या बाईंना भेटायचंय तुम्हाला. गुडघा घेऊन या.”

त्या शनिवारी चौकात आलो तर ती वृद्ध बाई हौदाशी होतीच, तेच दोन डबे घेऊन. मला पाहताच तिने डबे खाली ठेवले. माझ्या जर्मनची मला लाज वाटते, पण त्या गावातले म्हातारे लोक घरात जी बोली बोलतात ती जर्मनला जवळची आहे, आणि आम्ही दोघेही सावकाश बोललो तेव्हा जमले.

“जिवंत आहात तुम्ही!” ती म्हणाली. “मला रात्रंदिवस घोर लागला होता. वर कुरणं आहेत, गाईंचं शेण उतरतं पाण्यात. तपासत नाही कुणी.”

“तुम्ही भरत होता,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, ते मला कळत होते. “तुम्ही भरता आणि मला नको म्हणता.”

“मी? हे तर मेलेल्यांसाठी,” तिने चर्चकडे बोट दाखवले. “फुलांना. चला, एक डबा घ्या.”

मी डबा घेतला. आमची ही आणि मुलगी मागून आल्या. कबरस्तानात ती बाई एकेका दगडापाशी थांबून पाणी घालत गेली आणि सांगत गेली. तिच्या आजीने हे गाव कधीच सोडले नाही. तरी ती जन्मली फ्रान्समध्ये, तिचे लग्न झाले जर्मनीत, म्हातारपण आले फ्रान्समध्ये, मग पुन्हा जर्मनी झाली, आणि ती गेली तेव्हा परत फ्रान्स होते. घर तेच, चूल तीच. म्हणून पणजोबांचा दगड जर्मनमध्ये आणि वडिलांचा फ्रेंचमध्ये. फाटकाजवळ युद्धात मेलेल्या गावकऱ्यांचे स्मारक आहे. त्यावर नावे आहेत, पण ते कोणत्या देशासाठी मेले ते लिहिलेले नाही, कारण कित्येकांच्या अंगावर दुसऱ्याच देशाचा गणवेश चढवला गेला होता. इतक्या काळजीपूर्वक मोकळी सोडलेली जागा मी कोणत्याही दस्तात पाहिलेली नाही.

“आणि खालच्या आळीत कोण राहत होतं?” मी विचारले. हा प्रश्न मी विचारणारच होतो. मुलीने कपाळाला हात लावला.

“तुमच्या घरात गाडे करणारा सुतार. त्याच्या खाली ओढ्यापर्यंत ज्यू लोकांची घरं. गुरांचा व्यापार करायचे.” तिने डबा टेकवला. “युद्धात त्यांना चौकात जमवलं आणि ट्रकमध्ये चढवून नेलं. मी तान्ही होते, मला आईने सांगितलं. त्यांची गुरं चौकाच्या कडेला, पाण्यापासून दूर बांधलेलीच राहिली. नळीखाली डबा धरून पाणी पाजायला कुणी पुढे होईना, सगळे खिडक्यांतून बघत होते. शेवटी संध्याकाळी आई गेली. गुरांसाठी गेली. माणसांसाठी गेली नव्हती, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.”

 आमच्या हिने वाकून शेजारच्या, आता कुणी वारस नसलेल्या, कबरीवरच्या कुंडीत उरलेले पाणी ओतले. या पाण्यापासून कुणाला दूर ठेवले, हा प्रश्न मी चुकीच्या बाईबद्दल, चुकीच्या दिवशी, चुकीच्या पत्राने विचारला होता. गावाला तो विचारायलाच हवा होता, हे माझे मत तेव्हाही बदलले नाही आणि आजही नाही.

चौकात परत येतो तो सरपंच समोरून आल्या. पन्नाशीच्या, गोठ्यातून थेट आलेल्या, पायात रबरी बूट. त्यांना स्वच्छ जर्मन येत होते.

“पत्र लिहिणारे तुम्हीच का?”

“होय.”

“पोट कसं आहे?”

“उत्तम आहे,” मी म्हणालो. “मी ते पत्र मागे घेऊ इच्छितो.”

“घेता येणार नाही. नोंद झाली, फाइलला लागलं. त्यामागे दुसरं जोडता येईल.”

या उत्तरात कायद्याने मला एकही दोष काढता आला नाही.

“घराचं काय?” मुलीने विचारले. 

“गावात बेकरी बंद पडली आहे. तुमच्या त्या घरात ती पुन्हा सुरू करावी असं काही सदस्यांचं म्हणणं आहे. त्यांचं म्हणणं असं की बाहेरचे लोक घर घेतात आणि वर्षभर खिडक्या बंद ठेवतात.” सरपंचांनी माझ्याकडे पाहिले. “तुमचं पत्र सभेत वाचलं. एक जण म्हणाला, हे गृहस्थ राहायला येण्याआधीच भांडतात, आल्यावर आमचं काय होईल? दुसरा म्हणाला, खिडक्या बंद ठेवणारा माणूस हौदाबद्दल पत्र लिहीत नाही. निर्णय पुढच्या सभेत.”

एवढ्यात आमच्या हिने पिशवीतून डबा काढून त्यांच्यापुढे धरला.

“अगं, काय करतेस!” मी मराठीत म्हणालो. “निर्णय प्रलंबित आहे. ही लाच ठरेल.”

“शंकरपाळी आहेत ती. लाच कसली?”

सरपंचांनी मूठभर घेतली, एक तोंडात टाकले आणि उरलेली कोटाच्या खिशात घातली. जाताना म्हणाल्या, “पाण्याचं विचाराल तर आम्ही सगळे लहानपणापासून पितोच. पाटी लावावी लागते, नियम आहे. ज्याचं त्याने आपल्या जबाबदारीवर प्यावं.”

“सगळ्यांना तीच अट?”

“सगळ्यांना.”

त्यानंतरच्या दिवसांत मुलीने रंगाच्या पट्ट्या खिडकीवरून काढून ठेवल्या. मला त्याहून जास्त बोचले ते हे की ती मला एका शब्दानेही काही बोलत नव्हती. मी तिने घातलेली बंदी मोडून दुसरे पत्र लिहिले, पण टाकण्याआधी तिला वाचायला दिले. त्यात मी लिहिले होते की त्या बाईंवरचा आरोप चुकीचा होता व तो मी मागे घेतो. हौद सार्वजनिक असल्याचे मला तोंडी कळले आहे. तथापि पाटीवर चित्र असावे, म्हणजे फ्रेंच न येणाऱ्याला कळेल. आणि खिडक्या उघड्या राहतील. मुलीने ते दोनदा वाचले.

“एकच पॅराग्राफ?” ती म्हणाली.

“पुरेसा आहे.”

“टाका,” ती म्हणाली.

सभेनंतर नोटरीकडून निरोप आला तेव्हा मी जिना झाडत होतो. नव्या इमारतीतही ती पाळी असते, आणि त्या आठवड्यात ती आमची होती. वरच्या मजल्यावरून नात धावत आली, “आजोबा, श्नेल! लवकर!” म्हणाली, आणि मी झाडू तसाच टाकून वर गेलो. पंचायतीने आपला हक्क वापरायचा नाही असे ठरवले होते. मुलगी जमिनीवर बसून रडत होती आणि जावई तिला पाणी देत होते. पहिले पत्र आमच्या बाजूने पडले की विरुद्ध, की शंकरपाळ्यांनी काही केले, हे त्या निरोपात नव्हते. सभेचा वृत्तांत मिळावा असा अर्ज मी केला आहे. उत्तर आलेले नाही. त्या गावाच्या दप्तरात आमच्या घराण्याची पहिली नोंद तक्रारीची आहे एवढे मात्र खरे, आणि मुलगी ते प्रत्येक पाहुण्याला सांगते.

हा उन्हाळा आम्ही दोघे तिथेच आहोत. सकाळी मी त्या बाईंचा एक डबा उचलतो. पाटी अजून तीच आहे. चित्राबद्दल मी पुन्हा लिहिणार आहे. परवा दुपारी उन्हात एक सायकलवाला तरुण चौकात थांबला, टोपी काढली आणि नळीखाली ओंजळ धरायला वाकला. मी समोरच्या बाकावर होतो. काही ठरवण्याआधीच माझा तळहात हवेत उठला होता आणि सावकाश, आडवा हलत होता. त्याने मान वर करून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव मला पुरता ओळखीचा वाटला.

मी हात खाली घेतला. बाकावरून उठलो, गुडघा खरोखरच दुखत होता, आणि चौक ओलांडून त्याच्यापर्यंत चालत गेलो. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याला सांगितले की वर गाई आहेत, पाणी तपासलेले नाही, पण गावातले सगळे पितात. प्यायचे असेल तर त्याने जरूर प्यावे.